सुकणे म्हणजे दुरुस्त होणे नव्हे

लॅपटॉपवर चहा, सरबत किंवा पाणी सांडले की ‘आत पाणी गेले’ असे म्हटले जाते आणि पुढची सगळी धडपड ते पाणी बाहेर काढण्यासाठी होते. यंत्र पंख्याखाली ठेवले जाते, तांदळाच्या डब्यात पुरले जाते किंवा उन्हात वाळत घातले जाते, आणि दोन दिवसांनी ते सुरू झाले म्हणजे संकट टळले असे मानले जाते. या धडपडीमागची समजूत अपुरी आहे. या अपघातात सर्वांत आधी निघून जाते ते पाणी. यंत्राचा घात करणाऱ्या गोष्टी दोन आहेत, एक म्हणजे सांडण्याच्या क्षणी मदरबोर्डवर खेळत असलेली वीज आणि दुसरी म्हणजे पाणी उडून गेल्यावर मागे राहिलेले मीठ, साखर, आम्ल आणि दुधाचा अंश. या दोहोंचा बंदोबस्त कोणत्या क्रमाने करायचा हे ज्याला ठाऊक असते त्याच्या हातून पहिल्या मिनिटात चुका कमी होतात, आणि लॅपटॉप वाचणार की नाही हे बऱ्याच अंशी त्या पहिल्या मिनिटातच ठरत असते.

पाण्यातून वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या सूक्ष्म कणांमुळे. एखादा द्रव वीज किती सहज वाहू देतो हे सांगणाऱ्या मापाला विद्युतवाहकता म्हणतात. प्रयोगशाळेतील अतिशुद्ध पाण्याची वाहकता २५ अंश सेल्सिअस तापमानाला दर सेंटिमीटरला सुमारे ०.०५५ मायक्रोसीमेन्स इतकीच असते, नळाच्या पाण्याची बहुधा काही शेकड्यांत जाते, आणि समुद्राच्या पाण्याची पन्नास हजारांच्या आसपास पोहोचते. मराठी घरांत टेबलावर जी पेये येतात त्यांच्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांचा धोका एकसारखा नाही हे लगेच ध्यानात येते. साखर पाण्यात विरघळते, पण तिचे आयन होत नाहीत, त्यामुळे नुसत्या साखरेने वाहकता फारशी वाढत नाही; चहातून वीज वाहते ती मुख्यतः पाण्यातील क्षारांमुळे आणि दुधातील कॅल्शियम, पोटॅशियम, क्लोराइड अशा खनिजांमुळे. मीठ घातलेले ताक, चिमूटभर मिठाचे लिंबू सरबत आणि कोकम सरबत यांत मीठ आणि आम्ल दोन्ही एकत्र असल्याने ती पेये इलेक्ट्रॉनिक भागांना सर्वांत वाईट म्हणावी लागतील. शहाळ्याचे पाणी दिसायला निर्मळ असले तरी त्यात पोटॅशियम भरपूर असते. कोलासारख्या शीतपेयांचा सामू अडीचच्या आसपास असतो. सामू म्हणजे आम्लता मोजण्याची पट्टी, तिच्यावर ७ हा आकडा उदासीन आणि त्याखाली जाल तसतशी आम्लता वाढत जाणारी, आणि कोलामध्ये ही आम्लता फॉस्फोरिक आम्लामुळे येते. दुकानात लॅपटॉप नेल्यावर काय सांडले हे संकोच न करता नेमके सांगावे असा आग्रह जाणकार कारागीर धरतात तो यामुळेच, कारण धुण्याची पद्धत पेयावर अवलंबून असते.

सांडलेले पेय सर्वप्रथम कीबोर्डवर पडते. लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये कळांच्या खाली पॉलिएस्टरचे पातळ पापुद्रे एकावर एक असतात, त्यांवर वाहक शाईच्या रेषा छापलेल्या असतात आणि कळ दाबली की वरची रेषा खालच्या रेषेला टेकते. या पापुद्र्यांमधील फट इतकी अरुंद असते की द्रव तिच्यात केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच क्रियेने, आपोआप खेचला जातो आणि एकदा आत गेला की हवेशी त्याचा संबंध जवळजवळ तुटतो. म्हणून वरून कोरडा दिसणारा कीबोर्ड आत कित्येक दिवस ओला राहतो, एक कळ दाबली असता तीन अक्षरे उमटतात, किंवा कोणी हात न लावताच एखादे अक्षर ओळभर धावत सुटते. एवढ्यावरच भागले तर नशीब चांगले म्हणावे, कारण कीबोर्ड बदलता येतो. मात्र सडपातळ लॅपटॉपमध्ये तो वरच्या आवरणाला प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी कायमचा जडवलेला असतो आणि मग संपूर्ण आवरणच बदलावे लागून खर्च वाढतो.

कीबोर्डच्या खाली मदरबोर्ड असतो, ज्यावर प्रोसेसर, स्मृती आणि वीज वाटून देणारी सगळी मंडले बसवलेली असतात. त्यावरील लहान कपॅसिटर आणि रेझिस्टर अनेकदा १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद, कधी त्याहूनही लहान असतात. मोठ्या चिपांना तर बाहेर पायही नसतात, त्यांच्या पोटाखाली सोल्डरच्या शेकडो बारीक गोळ्या असतात आणि तिथे शिरलेला द्रव डोळ्यांना दिसत नाही. चार्जरकडून येणारी वीज बहुतेक लॅपटॉपमध्ये १९ ते २० व्होल्ट दाबाची असते, ती पुढे ५, ३.३ अशा पायऱ्यांनी उतरवली जाते आणि प्रोसेसरच्या गाभ्यापर्यंत पोहोचेतो सुमारे १ व्होल्ट किंवा त्याहूनही कमी होते. हे वेगवेगळ्या दाबांचे मार्ग बोर्डवर एकमेकांपासून केसभर अंतराने जातात. खारट द्रवाचा एक थेंब त्यांच्यामध्ये पूल बांधतो, आणि एका व्होल्टच्या जागी वीस व्होल्ट पोहोचले तर ती चिप क्षणात जळते. कारागीर ज्याला ‘बोर्ड शॉर्ट झाला’ म्हणतात त्यातील सर्वांत दुर्दैवी प्रकार हा.

पण सगळेच बोर्ड असे क्षणात मरत नाहीत. पुष्कळ बोर्ड हळूहळू मरतात, आणि त्या मरणाची रीत विज्ञानाला दोनशेहून अधिक वर्षे परिचित आहे. इ. स. १८०० मध्ये विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या विद्युतघटमालेच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे विघटन केले, आणि १८३४ मध्ये मायकेल फॅरेडे याने या क्रियेशी संबंधित ‘ॲनोड’, ‘कॅथोड’, ‘आयन’ हे शब्द रूढ केले. मराठी पाठ्यपुस्तकांत धनाग्र, ऋणाग्र आणि विद्युत अपघटन या नावांनी हाच विषय शिकवला जातो. शाळेच्या प्रयोगशाळेत चंचुपात्रात जे घडते तेच ओल्या मदरबोर्डवर घडते. ज्या तांब्याच्या रेषेवर दाब अधिक असतो ती धनाग्र बनते आणि तिचे तांबे आयनांच्या रूपाने द्रवात उतरू लागते, शेजारची कमी दाबाची रेषा ऋणाग्र बनते आणि तिच्यावर ते तांबे पुन्हा धातू होऊन साचते, पण गुळगुळीत थर न होता झाडाच्या फांद्यांसारखे बारीक तंतू होऊन वाढत जाते. त्या तंतूंचे टोक समोरच्या रेषेला टेकले की नवा शॉर्ट तयार होतो. दरम्यान पहिली रेषा झिजून तुटलेली असते. पाण्याचे विघटन सुरू व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्टही पुरतात, आणि लॅपटॉपमधील बहुतेक मार्गांवर त्याहून कितीतरी अधिक दाब असतो.

इथेच सर्वसाधारण वापरकर्त्याची मोठी फसगत होते. लॅपटॉप बंद केला म्हणजे आतील वीज गेली असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पॉवरचे बटण दाबल्याची दखल घेता यावी, घड्याळ चालू राहावे, चार्जर जोडल्याचे कळावे यासाठी काही मार्गांवर बॅटरीकडून वीज येतच राहते. नुसते झाकण मिटले तर यंत्र झोपेच्या अवस्थेत जाते, स्मृतीला वीज मिळत राहते आणि वर कीबोर्डवरचा ओलावा पडद्याला लागतो तो वेगळाच. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये खालची खिटी सरकवून बॅटरी हातात काढून घेता येत असे, आणि आज दुर्मीळ झालेली ती सोय अशा अपघातात फार मोलाची होती. बॅटरी आता आवरणाच्या आत गेली आहे, त्यामुळे ओला लॅपटॉप ‘बंद करून सुकायला ठेवला’ असताना दोन दिवस त्याच्या पोटात विद्युत अपघटन चालू असते. दोन दिवसांनी नेऊन दाखवलेल्या बोर्डवर हिरवट आणि पांढऱ्या क्षारांची जी बुरशीसारखी वाढ दिसते, ती त्या दोन दिवसांची कमाई असते.

यावरून पहिल्या मिनिटाचा क्रम स्पष्ट होतो. चार्जर लावलेला असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद करून मग पिन काढावी, कारण ओल्या हाताने ओल्या यंत्रातील पिन ओढण्यात माणसालाच धोका असतो. त्यानंतर काम जतन करण्याच्या मोहात न पडता पॉवरचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरून यंत्र सक्तीने बंद करावे. अर्धवट राहिलेले पान पुन्हा लिहिता येते. माउस, पेन ड्राइव्ह वगैरे जोडलेले सर्व काढून, टॉवेल किंवा जुने सुती कापड पसरून, लॅपटॉप उघडाच ठेवून तंबूच्या आकारात पालथा घालावा, म्हणजे आत शिरू पाहणारा द्रव आला त्या वाटेने परत खाली उतरतो. हलवू नये, झटकू नये, कारण झटकल्याने थेंब कोरड्या भागात जातात. काही लॅपटॉपच्या तळाशी कीबोर्डवरील पाणी थेट खाली सोडणारी भोके असतात, थिंकपॅड मालिका त्यासाठी प्रसिद्ध आहे. ही भोके यंत्र सरळ असतानाच काम करतात, म्हणून असे यंत्र आधी तसेच सरळ धरून निथळू द्यावे. ज्यांना तळाचे स्क्रू उघडता येतात आणि बॅटरीची जोडपिन ओळखता येते त्यांनी ती लगेच सोडवावी. ज्यांना येत नाही त्यांनी उगाच पेचकस चालवू नये, पण त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत, ते करून घेण्यासाठी दुकान गाठावे आणि तिथे पोहोचल्यावर ‘आधी बॅटरी सोडवा’ एवढे एक वाक्य आवर्जून बोलावे.

तांदळाचा उपाय घरोघरी इतका पसरला आहे की त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. तांदूळ बंद यंत्राच्या आतील पाणी ओढून घेत नाही. डब्यातील हवेचा दमटपणा तो थोडाफार कमी करीत असला तरी पापुद्र्यांत आणि चिपांखाली अडकलेल्या द्रवापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही, उलट त्याची पिष्टमय धूळ फटींत आणि पंख्यात जाते. ॲपल कंपनीने २०२४ मध्ये आपल्या साहाय्य पृष्ठावर ओला आयफोन तांदळात ठेवू नये असे स्पष्ट लिहिले, आणि फोनला जे लागू आहे ते त्याहून मोठ्या व अधिक फटी असलेल्या लॅपटॉपला अधिकच लागू आहे. सिलिका जेलच्या पुड्या तांदळापेक्षा चांगल्या शोषक असल्या तरी मीठ आणि साखर त्यांनाही शोषता येत नाही. केस वाळवण्याच्या ड्रायरची गरम हवा द्रवाला आणखी आत ढकलते आणि प्लॅस्टिक वाकवते. या सर्वांहून घातक म्हणजे ‘चालतो का बघू’ म्हणून दर तासाला बटण दाबून पाहणे. वाचू शकले असते असे कित्येक बोर्ड या उत्सुकतेला बळी पडतात.

पाणी गेल्यावर उरते ते काढणे हीच खरी दुरुस्ती होय, आणि त्यात एक बारकावा आहे जो अनेक दुकानांतही दुर्लक्षिला जातो. इलेक्ट्रॉनिक भाग स्वच्छ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ज्याला बाजारात आयपीए म्हणतात. ते लवकर उडते, पाण्यात पूर्ण मिसळते आणि चिकट तेलकटपणा काढते. पण साखर आणि मीठ शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाहीत, ती पाण्यातच विरघळतात. म्हणून साखरेचा चहा किंवा खारट सरबत सांडलेला बोर्ड सर्व वीज तोडल्यानंतर आधी ऊर्ध्वपातित पाण्याने, म्हणजे उकळून वाफ करून पुन्हा थंड केलेल्या क्षारविरहित पाण्याने, मऊ कुंचल्याने धुवावा लागतो आणि मग ९९ टक्के शुद्धतेच्या आयपीएने उरलेले पाणी हुसकावून लावावे लागते. पाण्याने बिघडलेली वस्तू पाण्यानेच धुवायची हे ऐकायला विचित्र वाटते, पण वीज नसलेल्या बोर्डला शुद्ध पाण्यापासून भय नसते, फक्त ते पूर्ण सुकवल्याशिवाय त्यात पुन्हा वीज सोडता कामा नये. चिपांखाली कुंचला पोहोचत नाही म्हणून चांगल्या कार्यशाळांत अल्ट्रासॉनिक यंत्र असते, ज्यात बहुधा ४० किलोहर्ट्झच्या आसपासच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या कंपनांनी द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि अडचणीतील मळ सुटतो. आयपीए ज्वालाग्राही असल्याने घरात देवाच्या समईजवळ किंवा गॅसजवळ ते उघडू नये, आणि त्याऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर चोळू नये, कारण त्यात पाणी आणि चिकट पदार्थ मिसळलेले असतात.

न धुता नुसता सुकलेला लॅपटॉप सुरू होतो तेव्हा घरात आनंद होतो, आणि तो खोटाही नसतो. परंतु मीठ आणि साखर यांचे अवशेष हवेतील ओलावा ओढून घेतात, आणि कोकणात व मुंबईत पावसाळ्याच्या दिवसांत हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहत असल्याने एप्रिलमध्ये सरबत सांडून वाचलेले यंत्र जुलैमध्ये अचानक बंद पडले तर त्यात नवल नाही. त्या वेळी वापरकर्त्याला जुना अपघात आठवतही नाही.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, आणि पुण्याची तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक बाजारपेठा मराठी माणसाला परिचित आहेत, आणि अशा बाजारपेठांच्या आसऱ्याने ‘चिप लेव्हल’ म्हणजे बोर्ड न बदलता त्यावरील नेमका जळलेला भाग शोधून बदलण्याचे कौशल्य वाढले. कारागीर आधी मल्टिमीटरने कोणता मार्ग जमिनीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडला गेला आहे हे तपासतो, मग त्या मार्गात बाहेरून अगदी कमी दाबाची वीज सोडतो आणि कोणता भाग तापतो ते पाहतो. उष्णता दाखवणारा कॅमेरा नसेल तर बोर्डवर आयपीएचा पातळ थर देऊन तो कोणत्या ठिपक्यावरून सर्वांत आधी उडतो हे डोळ्यांनी टिपतो. एवढ्या मोठ्या नकाशात तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक कपॅसिटर दोषी ठरतो आणि तो काढताच बोर्ड जिवंत होतो, हे दृश्य पाहण्यासारखे असते. सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचाच अंदाज मिळतो, आणि जुन्या यंत्राच्या बाबतीत तो नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो, म्हणून अशा कुशल हातांची गरज खरी आहे. फुगलेली बॅटरी मात्र दुरुस्तीची वस्तू नाही. ती टोचू नये, चार्ज करू नये, आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये.

हमीविषयी अपेक्षा आधीच आटोक्यात ठेवलेली बरी. कंपनीच्या नेहमीच्या हमीत द्रवाने झालेले नुकसान बहुधा येत नाही, आणि अनेक यंत्रांत पाण्याचा स्पर्श होताच पांढऱ्याचे लाल होणारे छोटे ठिपके चिकटवलेले असतात, त्यामुळे सांडल्याचे लपवून काही साधत नाही. अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि ते घेतले असल्यास यंत्र बाहेर उघडण्याआधी त्याच्या अटी वाचाव्यात. दुरुस्तीला देताना अंदाज लेखी मागणे आणि बदललेले भाग परत मागणे हा ग्राहकाचा वाजवी आग्रह आहे. तक्रार असल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे पोर्टल सुरू केले आहे.

सरतेशेवटी प्रश्न येतो तो यंत्रापेक्षा मौल्यवान असलेल्या माहितीचा, म्हणजे प्रबंध, हिशेब, मुलांची छायाचित्रे यांचा. बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये ही माहिती एसएसडी नावाच्या, बोटभर रुंद आणि सुटी काढता येणाऱ्या पट्टीवर असते, आणि मदरबोर्ड मेला तरी ती पट्टी बहुधा शाबूत राहते. ती केसिंगमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली मिळायला हव्यात. परंतु विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर ही पट्टी आपोआप कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध, केलेली असते, आणि दुसऱ्या संगणकाला जोडताच ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. २०१८ पासूनच्या मॅकबुक एअर आणि मॅकबुक प्रोमध्ये साठवण बोर्डवरच पक्की असून तिची किल्लीही बोर्डवरील चिपमध्येच असते, त्यामुळे तिथे वेगळी प्रत नसेल तर बोर्ड जिवंत करण्यावाचून मार्ग उरत नाही. रिकव्हरी की सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते, पण ते खाते कोणत्या ईमेलवर काढले आणि त्याचा पासवर्ड काय हे अपघातानंतर शोधत बसण्यापेक्षा लॅपटॉप धडधाकट असतानाच पाहिलेले बरे. वाचकांनी आजच ते ४८ अंक एका कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत, आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी.